बिनआवाजाचा कॉम्प्युटर

"आणा तो कॉम्प्युटर, माझी ना नाही. फक्त मला त्याचा आवाज येता कामा नये," असं बायको म्हणाली, आणि तिथेच कानवाले फसले. शहाणा नवरा अशा वेळी "बघू" म्हणून पेपर उघडतो. कानवाल्यांनी छाती फुगवली आणि म्हणाले, "आवाजाचं माझ्यावर सोड. धंदाच आहे माझा."

कानवाले म्हणजे कानाच्या दवाखान्यातले तपासनीस. दवाखान्यात, इमारतीत, भाजीच्या दुकानात सगळीकडे ते याच नावाने ओळखले जातात. (पदवीवरचं नाव बरंच भारदस्त आहे, पण ते दाराच्या पाटीवर मावलं नाही.) त्यांचं काम ऐकायला सोपं. जाड दाराच्या, भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात एक बटण द्यायचं आणि काचेपलीकडून मशीनवर एकेक सूर सोडायचा. सूर ऐकू आला की माणसाने बटण दाबायचं, की इकडे दिवा लागतो.

पण माणूस कुठे सोपा असतो? ऐकू येत नाही हे कबूल करायची लोकांना भारी लाज. (डोळे अधू झाले तर लोक हौसेने फ्रेम निवडायला जातात. कान अधू झाले की म्हणतात, हल्ली सगळे पुटपुटायला लागलेत.) मग ही मंडळी अंदाजपंचे बटण दाबत सुटतात. अशांना पकडण्यात कानवाल्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते मशीनपुढे नुसते हाताची घडी घालून बसायचे. एकही सूर सोडायचे नाहीत. दिवा लागायचा. थोड्या वेळाने पुन्हा लागायचा. मग कानवाले माइक चालू करून लोण्यासारख्या आवाजात म्हणायचे, "मी अजून काही पाठवलंच नाही."

ही गोष्ट ते घरी जेवताना सांगायचे आणि सांगताना स्वतःच आधी हसायचे. त्यातही एका निवृत्त बस ड्रायव्हरचा किस्सा त्यांचा लाडका. त्या बिचाऱ्याने रहदारीत हॉर्न वाजवावा तसा बटणाचा सपाटा लावला होता, आणि मशीन अजून नीट चालूही झालं नव्हतं. घरच्यांना तो किस्सा इतका पाठ झाला होता की शेवटचं वाक्य लेक त्यांच्या आधी म्हणायची, मधल्या विश्रांतीसकट.

तर ही लेक. कॉलेजात गेल्यापासून ती बापाशी दोन शब्दांच्या वर बोलत नव्हती. "हो, बाबा." "नको, बाबा." "ठेव तिकडे." आणि अचानक एका संध्याकाळी ती त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसली आणि सलग बोलायला लागली. कॉलेजच्या गेमिंगच्या टीममध्ये ती होती. पण घरचा जुना लॅपटॉप गेम सुरू होताच विमान सुटल्यासारखा घरघरायचा आणि ऐन मोक्याला गोठून बसायचा. शत्रू समोर उभा आणि हिचा शिपाई भिंतीकडे तोंड करून थांबलेला. कॅप्टन मुलीने स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या शनिवारच्या सामन्याआधी धड मशीन आण, नाहीतर तुझ्या जागी दुसरी घेते.

"तयार नको घ्यायला," लेक म्हणाली. "सुटे भाग आणून आपण घरीच जोडू. मी सगळं वाचलंय. भाग मी निवडणार, जोडायचं दोघांनी मिळून."

दोघांनी मिळून. कानवाल्यांना गेमिंगमधलं काही कळत नव्हतं, पण या दोन शब्दांसाठी ते घरात रणगाडासुद्धा जोडायला बसले असते. लेक पुन्हा आपल्यापाशी बसतेय, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं.

अडचण जागेची होती. घरात रिकामा कोपरा एकच, तोही हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलाला लागून. आणि त्या टेबलावर बायको शाळेतून आणलेले गणिताचे पेपर तपासायची. तिला पेपर तपासताना घड्याळाची टिकटिकसुद्धा खपत नाही, म्हणून त्यांच्या हॉलमध्ये घड्याळच नाही. (वेळ विचारायची असली तर तिलाच विचारायची, आणि ती सांगते ती वेळ बरोबर असते.) म्हणून तर ती अट आली होती. आवाज आला तर कॉम्प्युटर घरात चालू व्हायचा नाही.

भागांची निवड टेबलावरच झाली. लेकीने लॅपटॉप उघडून बापाला एकेक भाग दाखवायला घेतला.

"हा प्रोसेसर. म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू."

"आवाज करतो?"

"मेंदू कसा आवाज करेल, बाबा?"

"काही काही डोकी करतात," कानवाले हळूच टेबलाकडे बघत म्हणाले.

"ऐकू आलं मला," पेपरातून मान वर न काढता बायको म्हणाली.

"हा मदरबोर्ड. सगळे भाग याच्यावर बसतात."

"याला आवाज?"

"नाही."

"गुणी आहे. पुढे?"

"ही रॅम. आणि हो, हिलाही आवाज नाही. आता हे बघ, हे ग्राफिक्स कार्ड. सगळ्यात महत्त्वाचं. गेम कसा दिसणार आणि किती वेगात पळणार, ते सगळं याच्यावर."

"अगं, याला तर पंखे दिसतायत. एक नाही, चांगले तीन."

"मोठे आहेत ना, म्हणून हळू फिरतात. तसं दुसरं एक कार्ड मिळतं, त्याचे पंखे बहुतेक वेळ बंदच असतात. पण ते अजिबात नको. गेम चालू झाला की त्याच्या आतली कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, किरकिरते. वापरणाऱ्या सगळ्यांनी तेच लिहिलंय. ऐकतोयस ना?"

"हं, हं," कानवाले म्हणाले. ते त्या वेळी कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीला, आतून चिकटवायच्या स्पंजची जाहिरात फोनवर वाचत होते. लेकीच्या एवढ्या बोलण्यातलं "पंखे बहुतेक वेळ बंदच असतात" एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि शिरलं ते तिथेच ठाण मांडून बसलं.

दुसऱ्या दिवशी लेकीचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून दुकानात कानवाले एकटे गेले. जाताना त्यांनी दवाखान्यातलं आवाज मोजायचं यंत्र पिशवीत घातलं. (मीठ आणायला गेले तरी हा माणूस आपल्या धंद्याची शेखी मिरवल्याशिवाय राहणार नाही.) दुकानात गर्दी होती. कानवाल्यांनी पॉवर सप्लायला कान लावला, कॅबिनेटवर टिचक्या मारून कान लावला, बंद खोक्यातल्या मदरबोर्डलासुद्धा लावला. दुकानदार बिचारा पहिल्यांदा हसला, मग पाण्याचा ग्लास पुढे करून गप्प उभा राहिला.

बाकी सगळे भाग लेकीने फोनवर पाठवलेल्या नावांप्रमाणे निघाले. ग्राफिक्स कार्ड काउंटरवर आलं आणि त्यावरचे तीन पंखे बघून कानवाल्यांना टेबलावरची बायको डोळ्यांपुढे दिसली.

"याच्यापेक्षा शांत काही नाही का? ज्याचे पंखे बंद असतात असं?"

"आहे की. वेगही तेवढाच आहे," दुकानदार म्हणाला. "पण साहेब, ते जरा किरकिरतं असं काही लोक..."

"लावून दाखवा."

दुकानदाराने ते कार्ड दुकानाच्या कॉम्प्युटरला लावून गेम चालू केला. कानवाल्यांनी डोळे मिटले, श्वास रोखला आणि कार्डाला कान असा भिडवला की जणू नाडी बघतायत. पंखे बंद होते. कुठे हूं नाही की चूं नाही. पिशवीतून यंत्र काढून बघितलं तर त्यातही दुकानातल्या गलक्यापलीकडे काही दिसेना.

"कुठे आहे किरकिर?" ते म्हणाले.

दुकानदाराने शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, गिऱ्हाइकाने दुकानदाराकडे बघितलं.

"म्हणजे, तुम्हाला येत नाहीये?" दुकानदाराने जपून विचारलं.

"अहो, आयुष्य गेलं माझं या कानांवर. असती तर मलाच पहिल्यांदा आली असती. बांधा."

"बघा हं. उघडलेला माल दोष असल्याशिवाय परत घेत नाही आम्ही."

"बांधा म्हणतो ना," कानवाले म्हणाले. लेक निवडून थकली, पण तिच्यापेक्षा चांगली वस्तू बापाने हेरली, या आनंदात ते घरी आले.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर दोघं जमिनीवर चादर पसरून बसली. लेकीने खोकी उघडायला घेतली आणि ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यापाशी थांबली.

"बाबा, हे मी सांगितलेलं नाही."

"त्याच्याहून सरस आहे. वेग तोच, आवाज शून्य. मी स्वतः कान लावून आणलंय."

लेकीने खोकं उलटंसुलटं केलं. काहीतरी बोलणार होती. मग बापाचा फुललेला चेहरा बघून म्हणाली, "बरं. बघू."

ती सकाळ मात्र छान गेली. कानवाल्यांनी कान तपासायचा दिवा कपाळावर चढवला होता, आणि कॅबिनेटमध्ये डोकं घालून ते "जरा मान वळवा" असं मदरबोर्डला सांगत होते. लेक खळखळून हसली. तिने प्रोसेसर बसवला, बापाने श्वास रोखून स्क्रू पिळले, एक स्क्रू आत पडला तो कानातला मळ काढायच्या चिमट्याने बाहेर आला. कॅबिनेटला आतून स्पंज लावल्यावर झाकण बसेना, तेव्हा दोघांनी मिळून त्यावर गुडघे दिले. मधूनच लेक तिच्या टीमबद्दल सांगत होती, कॅप्टनचे नखरे सांगत होती. कानवाल्यांना वाटलं, हा कॉम्प्युटर जुळूच नये.

पण तो जुळला आणि पहिल्या झटक्यात चालूही झाला. लेकीने गेम लावला. रंगीबेरंगी डोंगर पडद्यावर सरसर पळायला लागले. कानवाल्यांनी उठून हात वर केला, जणू सभेलाच गप्प करतायत.

"ऐका. ऐका सगळे. काही ऐकू येतंय?"

"येतंय," बायको टेबलावरून म्हणाली. तिचा लाल पेन कागदावर अधांतरी थांबला होता. "हे चीं चीं काय आहे?"

"कुठे चीं चीं?"

"बाबा, येतंय," लेक खालच्या आवाजात म्हणाली. "कार्डाचंच आहे."

कानवाले हसले. यांचा काही कट आहे, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, फ्रिज असेल. फ्रिज बंद केला. मग ट्यूबलाइट असेल. तीही बंद केली. मग शेजाऱ्यांकडे काही चाललं असेल, म्हणून खिडक्या लावल्या. बंद खिडक्यांच्या अंधाऱ्या हॉलमध्ये बायकोने दोन्ही कानांत बोटं घातली आणि म्हणाली, "अहो, दात शिवशिवायला लागले माझे."

"तुम्ही दोघी एका बाजूच्या," कानवाले म्हणाले. "तटस्थ माणूस पाहिजे. अप्पा!"

अप्पा म्हणजे सासरे, आतल्या खोलीत राहायचे. त्यांचे कान इतके गेलेले की दाराची बेल त्यांनी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. कानवाल्यांनीच त्यांना ऐकायचं नवं यंत्र बसवून दिलं होतं. फार बारीक, वरचे सूर ते यंत्र खाली उतरवून ऐकवायचं, आणि या करामतीचं वर्णन कानवाल्यांनी अख्ख्या नात्यागोत्यात केलं होतं. अप्पांना काठी टेकत आणलं, सोफ्यावर बसवलं.

"अप्पा, नीट ऐकून सांगा. या खोलीत काही आवाज आहे?"

अप्पांनी मान तिरकी केली. क्षणभर ऐकलं. मग हवेत दोन्ही हातांनी एक टाळी वाजवली, तळवे उघडून बघितले आणि म्हणाले, "निसटला. मोठा डास आहे हो."

घरातला सगळ्यात ठार बहिरा माणूस डास मारतोय आणि आपल्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये. अशा वेळी खरं बोलून मोकळं व्हावं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानांचे दोष काढलेल्या माणसाला स्वतःचा दोष तोंडावर आणवेना. ते कॅबिनेटवर वाकले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "हां हां. आला आता. बारीक आहे. मघाशी मी दुसऱ्या बाजूने ऐकत होतो."

"ऐकू आला?" लेकीने विचारलं.

"म्हणजे काय. थांब, आत्ता घालवतो. जरा बंद कर."

त्यांनी झाकण काढलं, उरलेला स्पंज कोंबला, दोन स्क्रू उगाचच पिळले आणि पडद्याकडे पाठ करून, कॅबिनेटला कान लावून बसले. लेक मागे गेली. वायरींपाशी काहीतरी खुडबुड झाली.

"आता?" तिने विचारलं.

"आता आहे, पण पुष्कळ कमी."

"आता?"

"आता... गेलाच म्हणायचा."

लेक थोडी थांबली.

"आणि आता, बाबा?"

"हां, आता परत आला. पण अगदी बारीक. ऐकू येण्यासारखा नाही तसा."

मग लेकीचा आवाज आला. चिडवायचा नव्हता तो, उलट फार हळू होता.

"बाबा, मी अजून काही चालू केलंच नाही."

कानवाल्यांनी वळून बघितलं. भिंतीवरचं बटण बंद होतं, वायर लेकीच्या हातात होती. मशीन इतकं शांत निवडून आणलं होतं की चालू आहे की बंद आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं. कान, ते कामाचे नसलेले कान, लालबुंद झाले. कोणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. बायको हसली नाही, तिने पेपर पुढे ओढला आणि उगाचच एका बरोबर गणितावर पुन्हा बरोबरची खूण केली. कानवाल्यांना तो बस ड्रायव्हर आठवला, काचेपलीकडे हातात बटण घेऊन बसलेला. आणि आपलं ते लोण्यासारखं वाक्य आठवून त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"तो सूर फार वरचा असणार," ते अखेर म्हणाले. "आमच्या तपासणीत तेवढ्या वरचे सूर घेतच नाहीत."

"म्हणजे तुमच्या तपासणीत तुम्ही पास," बायको म्हणाली.

अप्पांनी सोफ्यावर सरकून शेजारची जागा थोपटली. "बसा, जावईबापू. वय झालं की वरच्या खिडक्या आधी बंद होतात, त्यात लाजायचं काय? तुम्हीच म्हणाला होता मला, हे यंत्र बसवताना." हे वाक्य कानवाले रोज कोणा ना कोणाला ऐकवतात. इतकं कोरडं वाक्य आहे ते, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

पण खरा घाव पुढे होता. बायकोने अट सोडली नाही, सोडणारही नव्हती. लेकीने वायर गुंडाळून नीट ठेवली, फोन उचलला आणि म्हणाली, "कॅप्टनला कळवते, माझं नाव काढ म्हणून."

"अगं, शनिवारपर्यंत मी काहीतरी..."

"राहू दे, बाबा."

पुन्हा मोजकेच शब्द. आणि ती आत गेली. सकाळभर हसत बसलेली मुलगी आपण आपल्या हाताने घालवली, हे कानवाल्यांना दाराच्या कडीच्या आवाजावरून कळलं. (तो त्यांना स्वच्छ ऐकू आला.)

सोमवारी दवाखान्यात अर्धा दिवस रजा टाकून ते दुकानात गेले. नेमकी तिथे गर्दी.

"कार्ड परत करायचंय. किरकिरतं."

"साहेब, तुम्हीच तर कान लावून नेलंत," दुकानदार म्हणाला.

"घरी गेल्यावर किरकिरायला लागलं," कानवाल्यांनी ठोकून दिलं.

"तसं नसतं हो. इथेही किरकिरत होतं. मी सांगतही होतो. मालात नवीन काही बिघडलं असेल तर घेतो, पण दोष काय म्हणून दाखवू? तेव्हा कसं चाललं तुम्हाला?"

कानवाल्यांनी घसा खाकरला. आजूबाजूला बघितलं. मग छातीशी हनुवटी टेकवून म्हणाले, "तेव्हा मला ऐकू आलं नाही."

"काय?"

"ऐकू आलं नाही मला."

"जरा मोठ्याने बोला साहेब, इथे गोंगाट आहे."

"मला ऐकू येत नाही!" कानवाले ओरडले.

दुकानभरची माणसं वळून बघायला लागली. आणि गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. कानामागे यंत्र, हातात नवा कीबोर्ड. कानवाल्यांनी त्यांना ओळखलं. तो निवृत्त बस ड्रायव्हर होता.

ड्रायव्हर त्यांच्या अगदी समोर उभे राहिले, उजेड चेहऱ्यावर पडेल असे. एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट हलवत, मोठ्याने म्हणाले, "घाबरू. नका. साहेब. मी. आहे. ना." कानवाले पेशंटच्या घरच्यांना शिकवतात, हुबेहूब तसं.

"तसं नाही हो," कानवाले पुटपुटले. "तुमचं बोलणं येतंय ऐकू. फक्त बारीक, वरचे सूर जातात."

"हां, हां," ड्रायव्हर समजुतीने म्हणाले. "सुरुवातीला मीही असंच म्हणायचो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या दिवशी मी बटण दाबत होतो ना साहेब, ते तुम्हाला फसवायला नव्हतं. आत बसलं की वाटतं, सगळ्या जगाला ऐकू येतंय, आपल्यालाच वगळलंय. भीती वाटते हो. दाबलं जातं बोट."

त्या एका बोटावर कानवाल्यांनी किती जेवणं रंगवली होती. "चुकलं माझं," ते म्हणाले. ड्रायव्हरना कशाबद्दल ते कळलं नाही, पण त्यांनी खांद्यावर थोपटलं.

दुकानदाराने काउंटरखालून तीन पंख्यांचं कार्ड काढलं. "तुमच्या मुलीने सांगितलेलं बाजूलाच ठेवलं होतं. वाटलंच होतं, परत याल. मालात दोष नाही, पण घेतो बदलून. एक करा, माझ्या आईचे कान बघा कधीतरी. तिच्या मते आम्ही सगळे पुटपुटतो."

घरी आल्यावर कानवाले लेकीच्या दारात उभे राहिले. भाषण तयार करून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तू सांगितलं होतंस ते कार्ड घेऊ नको म्हणून. माझं लक्ष फोनमध्ये होतं. वर तुला न विचारता बदललं, आणि वर खोटं बोललो. शरम वाटते मला."

लेकीने खोक्याकडे बघितलं. "कॅप्टनला अजून कळवलं नाहीये मी," ती म्हणाली. "तो कपाळावरचा दिवा घे. तू स्क्रू लाव, मी कार्ड धरते."

संध्याकाळी कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला. तीन पंख्यांची मंद घुमघुम हॉलभर पसरली. बायकोने पेन थांबवला. "हे चालेल," ती म्हणाली. "वारं आल्यासारखं आहे."

"हो, मलाही येतोय ऐकू," कानवाले उत्साहाने म्हणाले. बायको उठली आणि भिंतीवरचं बटण चालू आहे ना, ते बघून आली.

शनिवारी लेकीची टीम दुसऱ्या फेरीपर्यंत गेली, आणि हरताना लेकीचा शिपाई शत्रूकडे तोंड करून हरला. तिची टीममधली जागा पक्की झाली. आता ती बापाशी चार-पाच शब्द बोलते, स्क्रूड्रायव्हर लागला तर जास्तच.

कानवाल्यांनी ड्रायव्हरचा किस्सा सांगणं कायमचं बंद केलं. इतकंच नाही, त्या गृहस्थांना एका रविवारी चहाला घरी बोलावलं. पण खोड जाते कुठे? किस्सा गेला, त्या जागी कॉम्प्युटर जोडल्याची गोष्ट आली. ती ते जेवताना, चहाला, कोणी आलं की सांगतात, आणि दर खेपेला ती थोडी सुधारते. हल्लीच्या आवृत्तीत किरकिर पहिल्यांदा तेच पकडतात.

एक गोष्ट मात्र त्यांना जाणवली होती. ही गोष्ट रंगात आली की घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी काम आठवतं. बायको पेपर तपासायला उठते, लेक अभ्यासाला पळते, अप्पांना आंघोळ आठवते, मग ती सकाळी झालेली का असेना. "कॉम्प्युटर आल्यापासून घरात शिस्त आली," असं ते दवाखान्यात अभिमानाने सांगायचे.

त्या रविवारी ड्रायव्हर कप हातात घेऊन ऐकत होते. "मग मी कार्डाला कान लावला," कानवाले म्हणाले, "आणि क्षणात ओळखलं..." लेकीचा हात खिशातल्या फोनकडे गेला. बायको उठली. लेक उठली. अप्पा काठी शोधायला लागले.

ड्रायव्हरनी आपल्या कानामागच्या यंत्राला बोट लावलं. कानवाल्यांनीच बसवलेलं, वरचे सूर खाली उतरवणारं. "साहेब," ते म्हणाले, "ही शिट्टी कसली वाजतेय?"

"कसली शिट्टी?" कानवाल्यांनी विचारलं.

ड्रायव्हरनी उठलेल्या तिघांकडे बघितलं, लेकीच्या फोनवाल्या खिशाकडे बघितलं. मग कप खाली ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि म्हणाले, "काही नाही. मलाही एक काम आठवलं."